निवृत्त गस्ती गाडीचे परीक्षण: फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर

अमेरिकेतील पोलीस गाड्यांच्या शौकिनांत चर्चा कोणत्याही गाडीवरून सुरू झाली, तरी थोड्याच वेळात ती फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टरवर येऊन ठेपते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सेंट थॉमसजवळच्या कारखान्यातून शेवटची क्राऊन व्हिक्टोरिया सप्टेंबर 2011 मध्ये बाहेर पडली आणि पाठोपाठ त्या कारखान्यालाही टाळे लागले. तरीही पोलीस खात्यांच्या सेवेतून निघालेल्या या गाड्या अजून लिलावात येतात, हातोहात विकल्या जातात, आणि त्या घेणाऱ्यांत आता अमेरिकेत स्थायिक झालेली काही मराठी मंडळीही दिसू लागली आहेत. हे परीक्षण त्यांच्यासाठी आणि या गाड्यांविषयी नुसतेच कुतूहल असणाऱ्यांसाठी आहे. परीक्षणाची गाडी 2008 सालची, पांढऱ्या रंगाची, एका लहान गावाच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेली आहे. ती उपकरणे काढून घेतलेल्या अवस्थेत विकत घेतली असल्यामुळे उपकरणांविषयीचे मत मात्र एका परिचित संग्राहकाच्या गाडीवरून बनवले आहे. त्यांनी प्रदर्शनांत मांडण्यासाठी लाइटबार (छतावरचा इशाऱ्याच्या दिव्यांचा पट्टा), सायरन, रेडिओ असा सगळा सरंजाम पुन्हा जसाच्या तसा बसवला आहे.

चित्रपटांतील पाठलाग पाहून ही गाडी घ्यायला निघालेल्यांची निराशा ठरलेली आहे. 4.6 लिटरचे व्ही8 इंजिन, 2004 पासूनच्या गाड्यांत 250 अश्वशक्ती, चार गिअरचे ऑटोमॅटिक आणि वजन सुमारे 4,100 पौंड, म्हणजे जवळजवळ 1,850 किलो. थांबलेल्या अवस्थेतून ताशी 60 मैलांचा वेग गाठायला हिला साधारण साडेआठ सेकंद लागतात. आपल्या मंडळींच्या दारात हमखास उभी असलेली व्ही6 इंजिनाची होंडा ओडिसी सिग्नलवरून हिच्या पुढे सहज निघून जाईल. सर्वोच्च वेग मागच्या अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरावर (चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, यावर) अवलंबून असतो: 3.27 चे गुणोत्तर असेल तर ताशी सुमारे 129 मैल, 3.55 चे असेल तर 120 मैलांच्या आसपास. दुसऱ्या प्रकारची गाडी उठावाला थोडी चपळ वाटते. परंतु या आकड्यांवरून वाद घालण्यात वेळ घालवणाऱ्यांना या गाडीचे मर्म कळलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गस्तीच्या गाडीचा बराचसा दिवस उभे राहण्यात जातो: चौकात, शाळेबाहेर, अपघाताच्या जागी, महामार्गाच्या कडेला, आणि तेही इंजिन, वातानुकूलन, रेडिओ, संगणक व दिवे एकाच वेळी चालू ठेवून. क्राऊन व्हिक्टोरियाची पारख याच कसोटीवर करावी लागते, आणि या कसोटीला ती फार चांगली उतरते.

गाडीची मूळ बांधणी आपल्याकडच्या बोलेरोसारखी, म्हणजे स्वतंत्र चासीवर वेगळी बॉडी ठेवलेली आहे. महाराष्ट्र पोलिसांची बोलेरो ज्यांनी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर पाहिली आहे, त्यांना या बांधणीचा फायदा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. फुटपाथच्या कडेवर चाक चढवा, दोन रस्त्यांमधील गवताळ पट्टा ओलांडून उलट दिशेला वळा, समोरच्या बंद पडलेल्या वाहनाला बंपरने ढकलत कडेला न्या. चासी हे सारे मुकाट सोसते. शिवाय पुढचे मडगार्ड किंवा दरवाजे चेपले तर ते बदलून गाडी पुन्हा कामावर पाठवता येते, आणि खात्यांच्या हिशेबनिसांना हा गुण वेगापेक्षा कितीतरी जास्त प्रिय होता. याच चासीवर मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाऊन कार या गाड्याही बनत असल्यामुळे सुट्या भागांचा तुटवडा कधी जाणवला नाही. शेव्हरोलेने आपली कॅप्रिस 1996 मध्ये बंद केल्यावर तर मोठ्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या पोलीस सेडानच्या बाजारात फोर्डला कित्येक वर्षे तोडीचा प्रतिस्पर्धीच उरला नव्हता.

2003 साली या गाडीत जो बदल झाला तो दिसायला किरकोळ, पण चालवताना मोठा आहे. चासीचा पुढचा भाग नव्याने घडवण्यात आला, स्टिअरिंगची जुनी पद्धत जाऊन रॅक अँड पिनियन आले आणि पुढचे सस्पेन्शन बदलले. त्याआधीची गाडी वळणावर शिडाच्या होडीसारखी कलते. 2003 नंतरची गाडी तिच्या आकाराच्या मानाने बरीच आज्ञाधारक आहे. ओल्या रस्त्यावर मागचा भाग अजूनही घसरतो, पण घसरण्यापूर्वी पुरेशी सूचना देतो. पोलीस प्रशिक्षणात या अंदाज येण्याजोग्या स्वभावाला मोठी किंमत असते. मिशिगन राज्य पोलीस दरवर्षी सर्व कंपन्यांच्या गस्ती गाड्यांची चाचणी घेऊन प्रवेग, ब्रेक, वळणांवरील वेळ आणि आतल्या माणसाची सोय यांचे निकाल जाहीर करतात. शौकिनांच्या वादात हे निकाल शेवटचा शब्द मानले जातात, आणि त्यांत क्राऊन व्हिक्टोरिया प्रवेगाच्या बाबतीत क्वचितच पहिली आली असली तरी खात्यांनी विकत घेतली ती हीच.

आता उभे राहण्याविषयी. सामान्य क्राऊन व्हिक्टोरिया आणि पोलिसांची गाडी यांतला खरा फरक कातडीखाली आहे. चासी क्रमांकातील पी71 या संकेतावरून पोलीस गाडी ओळखता येते (2010 पासून तो पी7बी झाला). अशा गाडीत इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल आणि पॉवर स्टिअरिंगचे ऑइल थंड ठेवण्याची अधिक भक्कम व्यवस्था, जाड स्प्रिंगा, मोठी बॅटरी आणि 200 अँपिअरपर्यंत वीज देणारा अल्टरनेटर मिळतो. ऑगस्टच्या उन्हात डांबरी रस्त्यावर दोन तास इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीला पळताना मिळणारा वारा मिळत नाही. त्या वेळी या अवजड कूलरचा आणि पंख्याचाच आधार असतो. आमच्या गाडीत उन्हाळ्याच्या गर्दीत तासभर रखडूनही तापमानाचा काटा जागचा हलत नाही, आणि वातानुकूलन इतके थंड आहे की मागे बसलेले पाहुणे शाल मागतात.

परंतु याच उभे राहण्यामुळे जुनी पोलीस गाडी घेताना ग्राहक फसतो. ओडोमीटरवर 90,000 मैल पाहून तो खूश होतो. इंजिनाने बंद न पडता काढलेले तास मात्र तो पाहत नाही. 2006 नंतरच्या गाड्यांच्या मीटरमध्ये इंजिनाचे एकूण तास दाखवण्याची सोय आहे, आणि गाडी पाहायला गेल्यावर चावी फिरवून सर्वांत आधी हाच आकडा पाहावा. पोलीस गाड्यांच्या देखभालीसाठी फोर्डचा ठोकताळा असा आहे, की उभ्या अवस्थेत इंजिन एक तास चालले तर झीज 33 मैल चालल्याइतकी धरावी. समजा, गाडी 90,000 मैल चालली आहे आणि मीटर 6,000 तास दाखवत आहे. चालतानाचा सरासरी वेग ताशी 30 मैल धरला तर चालण्यात 3,000 तास गेले, उरलेले 3,000 तास ती उभी होती. त्यांचे 33 प्रमाणे 99,000 मैल झाले. म्हणजे कागदावर 90,000 मैलांचे दिसणारे इंजिन प्रत्यक्षात 1,89,000 मैलांचे आहे. सुदैवाने हे इंजिन अतिशय चिवट आहे. न्यूयॉर्कच्या टॅक्सींमध्ये त्याने याहून पुष्कळ मोठे आकडे पार केलेले आहेत. तरीही तासांचा हिशेब मांडून भाव करणारा ग्राहक आणि न मांडता करणारा ग्राहक यांच्या खिशात हजार-पाचशे डॉलरचा फरक सहज पडतो.

इंजिनाची एक ठाऊक असलेली उणीव येथे सांगितली पाहिजे. 1996 ते 2001 या वर्षांतील बऱ्याच गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग, पूर्णपणे प्लॅस्टिकचा होता आणि त्यातून कूलंट वाहणाऱ्या भागाला तडे जात असत. हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तडजोड झाली, आणि नंतरच्या मॅनिफोल्डमध्ये तो भाग अ‍ॅल्युमिनिअमचा आला. त्या काळातील गाडी घ्यायचीच असेल तर हा बदल झाला आहे की नाही, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहावे. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

उपकरणांकडे वळताना आधी विजेचा हिशेब लक्षात घेतला पाहिजे, कारण गस्ती गाडीतील प्रत्येक वस्तू शेवटी त्याच एका अल्टरनेटरवर जगते. जुन्या पद्धतीच्या लाइटबारमध्ये हॅलोजन दिव्यांभोवती आरसे फिरत असत. 55 वॉटचा एक दिवा 12 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. असे आठ दिवे म्हणजे 36 अँपिअर, त्यावर पुढचे हेडलाइट, सायरन, रेडिओ आणि संगणक. इंजिन संथ फिरत असताना अल्टरनेटर आपली पूर्ण 200 अँपिअर कधीच देत नाही. त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री अपघाताच्या जागी सगळे दिवे लावून उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसणे ही एके काळी नित्याची गोष्ट होती. एलईडी आल्यावर हा खर्च काही थोड्या अँपिअरवर आला. व्हेलन, फेडरल सिग्नल आणि कोड थ्री या तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आपले लाइटबार हळूहळू एलईडीवर नेले, आणि विजेच्या दृष्टीने पाहिले तर गेल्या काही दशकांत गस्ती गाडीत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

परिचितांच्या गाडीवर मात्र त्यांनी हट्टाने जुना, फिरत्या दिव्यांचा बार बसवला आहे. तो चालू केल्यावर आधी मोटरींची बारीक घरघर ऐकू येते, मग लाल-निळे झोत भिंतींवरून, झाडांवरून, समोरच्या काचांवरून सरकत जातात. एलईडीचा लखलखाट डोळ्यांत भाल्यासारखा शिरतो, परंतु कोपऱ्याआड असलेल्या माणसाला तो तितकासा जाणवत नाही. फिरत्या दिव्याचा झोत भिंतीवर सरकताना आडबाजूच्या माणसालाही कळतो. रात्रीच्या अंधारात पूर्ण तेजाने चालणारे एलईडी बार रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसालाच झाकोळून टाकतात. म्हणूनच नव्या बारमध्ये रात्रीसाठी तेज कमी करण्याची सोय देण्यात आली आहे, आणि ती वापरण्याची शिस्त सर्वत्र सारखी नाही. वस्तू म्हणून एलईडी निर्विवाद सरस आहे. दिसायला मात्र जुना बार अधिक देखणा आहे, आणि हे मत प्रदर्शनातील बहुतेक प्रेक्षकांचेही असल्याचे त्यांच्या मोबाईलच्या दिशेवरून कळते.

दिव्यांच्या रंगांचा गोंधळ परदेशातून आलेल्याला चक्रावून टाकतो, कारण तो राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात आपत्कालीन गाडीवर पुढच्या बाजूला न लुकलुकणारा, सतत जळणारा एक लाल दिवा असणे कायद्याने आवश्यक आहे. शिकागोच्या पोलिसांचे दिवे निळे असतात. न्यू जर्सीत निळा दिवा लावून येणारी साधी मोटार बहुधा स्वयंसेवी अग्निशामकाची असते. मिशिगन राज्य पोलिसांनी तर आपल्या निळ्या गाड्यांच्या छतावर मधोमध एकच फिरता लाल दिवा ठेवण्याची परंपरा एलईडीच्या काळातही सोडलेली नाही. उपयुक्ततेच्या दृष्टीने तिचे समर्थन करणे कठीण आहे. रुबाबाच्या दृष्टीने तिला तोड नाही.

सायरनच्या बाबतीत शौकिनांची मते फार तिखट असतात, पण सामान्य वाचकाला इतके पुरे, की 100 वॉटचा एक भोंगा पुढच्या जाळीमागे किंवा बंपरवर बसवलेला असतो आणि नियंत्रक पेटीवरून त्याचे सूर बदलता येतात. मोकळ्या रस्त्यावर संथ चढ-उताराचा ‘वेल’, चौकाजवळ येताच झपाट्याने चढ-उतार करणारा ‘येल्प’, हा सर्वसाधारण रिवाज आहे. सूर बदलला की माणसाचे लक्ष पुन्हा वेधले जाते, आणि एकाच सुराची कानाला सवय होते, हे त्यामागचे कारण. काचा बंद, वातानुकूलन सुरू आणि गाणी मोठ्याने, अशा आजच्या मोटारींत उंच पट्टीचा सायरन नीट पोहोचतच नाही. त्यावर उपाय म्हणून फेडरल सिग्नलने ‘रम्बलर’ आणला. तो सायरनचा खालच्या पट्टीतील आवाज मोठ्या स्पीकरांतून काही सेकंद सोडतो आणि तो कानांपेक्षा छातीत आणि आसनात आधी जाणवतो. चौकातील उपयुक्तता मान्य करूनही, दाट वस्तीत राहणाऱ्यांनी त्याविरुद्ध केलेल्या तक्रारी मला रास्त वाटतात.

सायरनची एक बारीक गोष्ट निवृत्त गाडी घेणाऱ्याला थेट भोवते. पाठलागात चालकाचे हात स्टिअरिंगवरच राहावेत म्हणून हॉर्नच्या बटणाची तार सायरनच्या पेटीकडे वळवलेली असते. हॉर्न दाबला की सायरनचा सूर बदलतो. गाडी निवृत्त करताना पेटी काढून घेतली जाते आणि ही तार तशीच तोडून सोडली जाते. परिणामी लिलावातून आणलेल्या कित्येक गाड्यांचा हॉर्न वाजत नाही, आणि नवा मालक फ्यूज बदलत बसतो. आमच्या गाडीत डॅशखाली टेप गुंडाळलेल्या तारांचा एवढा मोठा झुबका निघाला की त्यातून हॉर्नची जोडी शोधायला मेकॅनिकने अर्धा दिवस घालवला.

चालकाच्या बाजूच्या खांबावरील स्पॉटलाइट हे या गाडीचे सर्वांत लाडके उपकरण आहे, आणि सुदैवाने ते बहुतेक निवृत्त गाड्यांवर तसेच राहते. शिकागोच्या युनिटी कंपनीचा हा दिवा पुढच्या काचेच्या खांबातून आरपार दांडी घालून बसवतात; आतली मूठ फिरवली की दिवा फिरतो, मूठ पिळली की वर-खाली होतो. यात मोटर नाही, बटणांची गर्दी नाही, आणि म्हणूनच ते बिघडत नाही. रात्री थांबवलेल्या गाडीच्या आरशावर हा झोत धरला की आतील माणसाला मागून चालत येणारा पोलीस दिसत नाही. साध्या नागरिकाला त्याचा उपयोग अंधारात घरांचे क्रमांक वाचण्यापुरता आणि शेतघराच्या फाटकाचे कुलूप शोधण्यापुरता आहे, पण त्या दोन्ही कामांत तो अप्रतिम आहे. चालत्या गाडीतून तो इतरांवर रोखणे मात्र गुन्हा ठरू शकते.

आतील मांडणीविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण नंतरच्या सर्व गस्ती गाड्या याच मांडणीच्या मापाने मोजल्या गेल्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे पुढच्या दोन आसनांमधील जागा पूर्ण मोकळी राहते. त्या जागेत धातूचे कन्सोल, त्यावर सायरन आणि रेडिओच्या पेट्या, आणि बाजूने वर येणाऱ्या दांड्यावर पॅनासॉनिकचा टफबुक संगणक, अशी रचना देशभर रूढ झाली. गॅम्बर-जॉन्सन आणि हॅव्हिस या कंपन्या असे दांडे बनवतात. पुढे डॉजने चार्जर पोलिसांसाठी आणली तेव्हा नागरी चार्जरमधील खालचा दांडा काढून तोही स्टिअरिंगच्या खांबावर नेला, आणि फोर्डच्या एक्सप्लोररवर आधारलेल्या गस्ती गाडीतही तसेच केले गेले. संगणक कोठे बसवायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बाजूच्या आसनासमोरची एअरबॅग फुगली तर संगणक त्या माणसाच्या तोंडावर आदळेल, म्हणून एअरबॅगच्या टप्प्याबाहेर आणि तरीही चालकाच्या नजरेच्या कक्षेत अशी थोडीशीच जागा उरते. परिचितांच्या गाडीत तीच जागा पाळली आहे. परिणामी बाजूला बसणाऱ्याचा डावा गुडघा कायम दांड्याला घासतो. प्रत्यक्ष सेवेत दोन पोलिसांनी आठ तास असे बसून काय केले असेल, याची कल्पना अर्ध्या तासात येते.

दरवाजा उघडला तरी आतला दिवा लागू नये, अशी सोय पोलीस गाडीत मागवता येत असे. अंधारात गाडीतून उतरणारा पोलीस प्रकाशात न्हाऊन निघू नये, हा हेतू. आमच्या गाडीत ती आहे, आणि घरच्यांची पहिली तक्रार तीच होती. पुढच्या आसनांच्या पाठीत पोलादी पत्रे बसवलेले आहेत, जेणेकरून मागून कोणी चाकू खुपसला तरी तो आरपार जाऊ नये. ते पाठीला टोचत नाहीत, पण आसन काढायला गेल्यास त्याचे वजन दोघांना उचलावे लागते. मागच्या दरवाजांच्या आतल्या कड्या आणि काचांची बटणे बंद असतात. लहान मुले असलेल्या कुटुंबाने गाडी घेतल्याबरोबर हे दुरुस्त करून घ्यावे. थोड्या खर्चाचे काम आहे, आणि ते टाळून आजोबांना मागे बसवणे कोणालाही शोभणारे नाही.

पुढच्या आणि मागच्या आसनांमधील पार्टिशन, म्हणजे खाली पत्रा आणि वर जाळी किंवा पॉलिकार्बोनेटची काच, ही अत्यावश्यक पण मुळात गैरसोयीची वस्तू आहे. ती बसवली की उंच चालकाला आसन मागे सरकवता येत नाही, आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे पत्र्याला टेकतात. सेटिनासारख्या उत्पादकांनी पायांसाठी खोलगट खण ठेवलेले पत्रे काढले, त्याने थोडा फरक पडला. मागे कापडी आसनाऐवजी ओतीव प्लॅस्टिकचे आसन बसवण्याची पद्धतही पसरली. त्याच्या पाठीत बेड्या घातलेल्या हातांसाठी खोबण असते, आणि उलटी झाली तरी पाण्याचा पाइप मारून धुता येते. वाहने ढकलण्यासाठी पुढे बसवलेल्या पुश बंपरविषयी इतकेच, की तो भक्कम आहे, गाडीच्या नाकावर वजन वाढवतो, आणि निवृत्त गाडीवर राहिलेला असेल तर पार्किंगमध्ये शेजाऱ्यांचा आदर मिळवून देतो.

सुरक्षिततेचा सर्वांत गंभीर मुद्दा डिकीशी निगडित आहे. या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, डिकीच्या पुढच्या बाजूला उभी बसवलेली आहे. महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या गस्ती गाडीवर भरधाव वाहन मागून आदळले, की अ‍ॅक्सलजवळच्या भागांनी टाकी फाटून आग लागल्याच्या घटना घडल्या आणि त्यांत पोलिसांचे प्राण गेले. अ‍ॅरिझोनातील मृत्यूंनंतर हा प्रश्न ऐरणीवर आला. केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेने 2002 मध्ये दोष सिद्ध झाल्याचे न मानता चौकशी बंद केली, पण त्याच वर्षी फोर्डने टाकीच्या आसपासच्या भागांसाठी संरक्षक आवरणांचा संच देऊ केला. डिकीतील टोकदार अवजारे टाकीत घुसू नयेत म्हणून विशेष खणही आला, आणि पुढे आग विझवणारी स्वयंचलित यंत्रणा पर्यायी म्हणून मिळू लागली. ताशी 75 मैलांच्या मागील धडकेची चाचणी ही फोर्डने नंतर जाहिरातीत मिरवली. उभे राहण्यासाठी बांधलेल्या गाडीचा सर्वांत मोठा दोष उभे असतानाच उघड व्हावा, ही गोष्ट क्राऊन व्हिक्टोरियाच्या भक्तांना ऐकायला आवडत नाही. ती वगळून केलेले परीक्षण मात्र अप्रामाणिक ठरेल. जुनी गाडी घेताना ही आवरणे बसवलेली आहेत का, हे गाडी उचलून खालून पाहावे, आणि डिकीत जड लोखंडी सामान पुढे सरकवून ठेवण्याची सवय टाळावी.

निवृत्त गाडीची दुसरी मोठी डोकेदुखी म्हणजे भोके. लाइटबारच्या तारांसाठी छतात, अँटेनांसाठी छतात आणि डिकीच्या झाकणात, कन्सोलसाठी फरशीत, सूक्ष्म तारांसाठी डॅशमध्ये. ज्याने जशी ड्रिल चालवली तशी. काही खाती गाडी विकताना ती रबरी बुचांनी बंद करतात आणि काही नुसता टेप लावून मोकळी होतात. आमच्या गाडीच्या छताचा टेप पहिल्याच पावसाळी आठवड्यात सुटला आणि पाणी मागच्या आसनावर उतरले. हा प्रश्न दिसण्यापुरता मर्यादित नाही. 2017 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन पोलिसांनी कार्बन मोनॉक्साइडच्या तक्रारींवरून आपल्या एक्सप्लोरर गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या, तेव्हा दिव्यांच्या तारांसाठी गाडीच्या मागील भागात पाडलेली आणि नीट न बुजवलेली छिद्रे हे एक कारण म्हणून फोर्डने पुढे केले होते. तेव्हा भोके मोजावीत, आणि प्रत्येक भोक पक्के बंद करून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. दारांवरील अक्षरे काढल्यावर त्यांच्या जागी रंगाचा जो ताजेपणा उरतो, त्याने मात्र काही बिघडत नाही. ऊन तिरपे पडले की खात्याचे नाव पुन्हा वाचता येते, एवढेच.

चालवण्याचा रोजचा अनुभव आरामशीर आहे. पुढची आसने प्रशस्त, डिकी प्रचंड. पेट्रोल मात्र शहरात गॅलनमागे 15 मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरही धड नाही, आणि रोज पन्नास मैल जाणाऱ्याला हा पांढरा हत्ती परवडणार नाही. एक गंमत सर्व मालक सांगतात आणि ती खरी आहे: महामार्गावर आपण मागून आलो की पुढचे सगळे वाहनचालक एकाएकी सज्जन होतात, वेग उतरतो, मोबाईल खाली जातात, आणि आपल्याला त्यांच्यामागे मर्यादेत रखडत जावे लागते. पुढे जायची घाई असलेल्यासाठी ही गाडी अगदीच कुचकामी आहे.

आजच्या गस्ती गाड्यांशी तुलना केली तर चित्र उद्‍बोधक आहे. एक्सप्लोररवर आधारलेली फोर्डची गस्ती गाडी 2020 पासून हायब्रीड म्हणूनही येते, आणि उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून बॅटरीवर दिवे, रेडिओ व संगणक चालवायचे, गरज पडेल तेव्हाच इंजिनाने जागे व्हायचे, हा तिच्या जाहिरातीतील मुख्य मुद्दा आहे. म्हणजे पोलीस गाडीचे काम उभे राहणे आहे, हे शेवटी कारखान्यानेही पूर्णपणे मान्य केले. त्या कामात नवी गाडी क्राऊन व्हिक्टोरियाच्या पुष्कळ पुढे गेली आहे. दुरुस्तीचा साधेपणा आणि टिकाऊपणा यांत मात्र तिला अजून स्वतःला सिद्ध करायचे आहे.

घ्यायचीच असेल तर 2006 ते 2011 मधील गाडी घ्यावी: 17 इंची चाके, इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर आणि तासांचे मीटर एकत्र मिळतात. शक्यतो गुप्तहेर विभागाने किंवा अधिकाऱ्यांनी वापरलेली गाडी शोधावी, कारण तिच्यात भोके कमी आणि उभे राहण्याचे तासही कमी असतात. लाल-निळे दिवे रस्त्यावर लावण्याचा विचारही करू नये. प्रदर्शनात नेणारे मालकसुद्धा वाटेत लाइटबारवर आवरण घालतात. जुनी उपकरणे जमवून गाडी सजवण्याचा नाद लागला तर नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही, कारण चांगल्या अवस्थेतील फिरता लाइटबार, त्याची नियंत्रक पेटी आणि सायरन यांची एकत्र किंमत पुष्कळदा गाडीच्या किमतीच्या वर जाते. इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात; डॅशचे प्लॅस्टिक, दारांचे आतले पत्रे आणि पोलीस गाडीचे खास मीटर मात्र आता भंगारवाल्याकडेच शोधावे लागतात, तेव्हा गाडी निवडताना इंजिनापेक्षा आतील भाग किती शाबूत आहेत, याकडे जास्त बारकाईने पाहावे.